नुसतं बोलणं

शेवटचं गाणं संपलं, सुई तशीच पुढं सरकली आणि दत्तप्रसादची आई बोलायला लागली. तो पलंगावर आडवा होता, तो ताडकन उठला आणि आधी पळाला तो आईच्या खोलीकडं. पाय काही डोक्याला विचारून पळत नाहीत. आई खिडकीशी खुर्चीत होती, सकाळी बसवली होती तशीच. तोंड मिटलेलं, मांडीवर टॉवेल. खिडकीबाहेर मांजरी गावचा उरलासुरला ऊस आणि त्याच्या उरावर उभ्या राहिलेल्या बाराबारा मजल्यांच्या इमारती, ज्यांतल्या एकीत हे लोक राहतात. "आई, बोललीस का तू?" त्यानं धापा टाकत विचारलं. "हाव," आई म्हणाली. पण ती सगळ्यालाच हाव म्हणते. आणि तिकडं, त्याच्या खोलीत, ती बोलतच होती.

दीड वर्ष झालं या गोष्टीला. एका सकाळी आईच्या हातातून कपबशी निसटली, आणि तिच्यामागोमाग उजवा हात, उजवा पाय आणि सगळी भाषा निसटली. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरून एक काळा डाग दाखवला. म्हणाले, शब्दांचं दुकान इथं असतं, ते बंद पडलंय. कधीकधी एखादा शब्द फळीवर राहून जातो. आईचा, म्हणजे गोदाबाईंचा, 'हाव' राहिला. मूर्तिजापूरचा, वऱ्हाडातला, ज्याला आमच्या पुण्यात हो म्हणतात तो हाव. चहा हवा? हाव. नको? हाव. दुखतंय? हाव. पूर्णिमानं, म्हणजे दत्तप्रसादच्या बायकोनं, एकदा तिचे केस विंचरताना वैतागून विचारलं होतं, "आई, मी वाईट सून आहे का हो?" आणि आई ठणकावून म्हणाली, "हाव." त्यावर दोघी हसल्या, म्हणजे पूर्णिमा हसली आणि आईच्या तोंडाची डावी बाजू हसली. दत्तप्रसादला हसू आलं नाही. ही बाई पूर्वी किती बोलायची ते पूर्णिमानं पाहिलंच नव्हतं. मूर्तिजापुरात बाया म्हणायच्या, गोदाबाईशी बोलाले उभं राहाचं असन तर आधी घरची चूल इझवून या. तिचं बोलणं त्याला लहानपणी विहिरीवरच्या रहाटासारखं वाटायचं, सतत चालू, म्हणून कधी कान देऊन न ऐकलेलं. आता ते बोलणं गेल्यावर मात्र त्याच्या ध्यानात आलं की आईचा आवाज आठवायला बसलं की आठवतच नाही. चेहरा येतो, हाताचा वास येतो, आवाजाच्या जागी नुसता 'हाव' येतो.

तो परत खोलीत आला. रेकॉर्ड फिरत होती. "आयकून रायला ना बाबू?" आई विचारत होती. "आयकून रायला ना बाबू? आयकून रायला ना बाबू?" सुई अडकली असं वाटून त्यानं ती उचलली आणि दोन बोटं मागं ठेवली. गाण्याची शेपटी, पत्र्यावरचा एक ठोका, मग खरखर, आणि मग ती. "अन् थंडी पडली असन तिकडं. गोधडी घेत जाय. तुह्या बाबानं सांगू नको म्हनलं, पन तुले नाई सांगू त कोनाले सांगू मी? आयकून रायला ना बाबू?" तरुण आवाज होता. त्याला हेच सहन होईना. रेकॉर्डमधली बाई आताच्या त्याच्याहून लहान नसेल, पण मोठीही नसेल. ती चुलीपासून उठून पदराला हात पुसत बोलायला बसलेली होती आणि तिला सगळे शब्द येत होते.

आता ही रेकॉर्ड कसली, ते सांगितलं पाहिजे. पुण्यात पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णवच्या दरम्यान 'कडता' नावाचा एक पंक बँड होता, आणि तो ऐकलेली माणसं एका टेम्पोत मावतील. आज मात्र त्याचे भक्त बर्लिनपासून बेंगळुरूपर्यंत आहेत म्हणे, आणि त्यांनी त्याला प्रत्यक्ष कधीच ऐकलेलं नाही. भक्ती तशीच वाढते. गाणारा, म्हणजे किंचाळणारा, आमोद. शनिवार पेठेतला, वडील गीतेवर प्रवचनं करणारे. ड्रम, म्हणजे पत्र्याचे डबे, वाजवणारा संपत, त्याच्या वडिलांचा मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचा गाळा. सकाळचे लिलाव उरकले की दुपारी गाळ्याचं शटर अर्धं ओढून घ्यायचं आणि आत धिंगाणा. पोत्यामागं शेतकऱ्याच्या वजनातून जे उगीच कापून घेतात त्याला यार्डात कडता म्हणतात. संपतनं वडिलांवरचा राग असा नावात काढला. दारात हमाल तंबाखू मळत उभे राहायचे. एकानं एकदा विचारलं, "हे गाणं चाललंय का भांडण?" आमोद माइकमध्येच म्हणाला, "फरक दाखवा, शंभर रुपये घेऊन जा."

दत्तप्रसाद त्यात काहीच वाजवायचा नाही. तो इंजिनिअरिंगला वऱ्हाडातून आलेला, आमोदच्या घरासमोर कॉट बेसिसवर राहणारा. कॉलेजात त्यानं पहिल्याच आठवड्यात "जेवून रायलो" म्हटलं आणि पुढं सहा महिने वर्गातली पोरं त्याला पाहिलं की "काय करून रायला बे?" म्हणत राहिली. दिवाळीपर्यंत त्यानं जीभ घासूनपुसून साफ केली. हावचं हो झालं, मलेचं मला झालं. पण सतत सावध राहून गळा दुखतो माणसाचा. त्या गाळ्यात मात्र एवढा गोंगाट असायचा की तिथं कोण कुठल्या गावचं बोलतो हे कुणाला ऐकूच येत नसे. कांद्याच्या उग्र वासात उभं राहून तो तोंड उघडून वाटेल ते ओरडायचा आणि त्याला पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटायचं. एवढ्यासाठी त्याला तो बँड आवडायचा. आजही कंपनीत मीटिंगमध्ये कुणी त्याचा पाणउतारा केला की तो मनातल्या मनात 'कडता'ची गाणी लावतो. सव्वा मिनिटाचं एक गाणं, तेवढ्यात पाणउतारा संपतो. गाळ्यात त्याचं काम एकच होतं: टू-इन-वन मांडीवर घेऊन बसायचं आणि आमोदनं मान हलवली की रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं. तालीम उरकली की कॅसेट संपतकडं राहायची. तेवीस वर्षांनी शुभंकर नावाच्या कोथरूडच्या एका पोरानं त्या कॅसेटींवरून ही रेकॉर्ड काढली, 'कडता: उरलंसुरलं', फक्त तीनशे प्रती, दुसरीकडं कुठं ऐकायची सोय नाही, आणि पाकिटाच्या मागं बारीक अक्षरांत छापलं, 'टेप: दत्ता'. ते वाचून दत्तप्रसाद सकाळी लहान पोरासारखा हरखला होता. त्यानं पाकीट पूर्णिमाला नेऊन दाखवलं. त्याआधी महिनाभर तो ग्रामोफोन घेण्यात गुंतला होता. पूर्णिमा तेव्हाच म्हणाली होती, "घरात आवाज करणारी वस्तू आणायचीच होती तर मिक्सर आणायचा." आज पाकीट बघून ती म्हणाली, "छान. आडनाव नाही घातलं?"

आणि त्या पाकिटातून आई निघाली. कशी निघाली ते दत्तप्रसादला लगेच कळलं, त्याला विचार करावा लागला नाही. आईला लिहिता येत नसे. वडील, हिंमतराव, पत्र लिहायचे ते तारेसारखं: खुशाल आहोत, अभ्यास करणे. मग आईनंच युक्ती काढली. घरात देवाच्या कॅसेटी होत्या, कुण्या बुवांच्या कीर्तनाच्या. तसल्या कॅसेटीवरची भोकं बुजवली, चिकटपट्टी लावली, की त्यावर दुसरं काही भरता येतं, हे त्या काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आई बुवांवर बोलायची. मूर्तिजापूरहून पुण्याला कुणी निघालं की त्याच्या पिशवीत चिवड्याबरोबर एक कॅसेट यायची; खोलीत इतर तिघं असायचे, म्हणून तो ती कानाशी धरून अगदी हळू लावायचा. म्हैस व्यायली, शेजारणीनं बोलणं सोडलं, सोनू, म्हणजे त्याची धाकटी बहीण, बारावी झाली. मध्येच कोंबडा, मध्येच आईचं "थांब रे बाबू, दूध उतू गेलं," आणि मग बराच वेळ नुसतं रिकामं घर, कारण आईला बंद करायचं बटण माहीत नव्हतं. आईनं बुवा पुसले आणि आमोदनं आई पुसली. पण गाणी आखूड होती, टेप लांब होती. बँड थांबला तिथून पुढं आई शिल्लक होती.

त्यानं आमोदला फोन लावला. आमोद आता पाषाणला राहतो आणि शाळा-दवाखान्यांना आग विझवायची नळकांडी विकतो. "बोला टेप दत्ता," तो म्हणाला. "मिळाली का? की पोस्टमननं जाळून टाकली?"

"आमोद, शेवटी ती बाई बोलते ना, ती आई आहे माझी."

  "ती आयकून रायला? अरे माणसा! त्या बाईवर जर्मनीत लेख आलाय लेका. खेड्याचा आवाज नव्या बाजाराला जाब विचारतोय, असं लिहिलंय त्यात. मी म्हटलं, विचारत असेल बुवा."

"तू माझ्या खोलीतून कॅसेट नेली होतीस."

"नेली असेन की. मिळेल ती न्यायचो. तुझ्या एका कॅसेटीचं काय घेऊन बसलास, आमच्या तीर्थरूपांचा अख्खा सहावा अध्याय मी पुसलाय. जाईपर्यंत शोधत होते." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "काकू कशा आहेत रे?"

"तशाच."

"हं," आमोद म्हणाला. "त्या शुभंकरला फोन कर. कॅसेट त्याच्याकडं आहे. पोरगा सज्जन आहे, जरा जास्तच."

शुभंकर खरंच सज्जन होता. "ओह माय गॉड, सर! ती तुमची आई? सीरियसली, दॅट इज द बेस्ट मोमेंट ऑन द रेकॉर्ड. आम्ही मुद्दाम तिला शेवटच्या चरात लॉक केलंय. म्हणजे कसं, तो चर गोल बंद असतो, सुई त्यातून बाहेरच पडत नाही. जोवर कुणी उचलत नाही तोवर ती विचारत राहणार. सर, त्यांच्यासोबत एक छोटासा व्हिडिओ करू या? प्लीज?"

"ती बोलत नाही आता," दत्तप्रसाद म्हणाला. "मला फक्त पुढचं ऐकायचंय. त्या प्रश्नानंतर ती काय म्हणते ते."

"पुढं काही नव्हतं सर."

"काहीच नव्हतं?"

"म्हणजे म्युझिक नव्हतं. नुसतं बोलणं होतं. बरंच होतं, साइड संपेपर्यंत. आम्ही ट्रान्सफर करताना गाणं संपलं की थोडी शेपटी ठेवतो आणि थांबवतो."

"बरं. मग कॅसेट द्या मला. मी आत्ता येतो कोथरूडला."

 मग शुभंकर अगदी हळू म्हणाला, "सर, तुमच्या पाकिटात एक काळं कार्ड असेल बघा. त्यावर टेपचा एक पीस चिकटवलाय. कलेक्टर्सना आवडतं तसं. प्रत्येक कॉपीत एक. ओरिजिनल टेप... ती कापली सर आम्ही. उरलेल्या भागाला बुरशी होती, तो टाकून दिला. आय अ‍ॅम सो सॉरी. मला काय माहीत, सर?"

त्याला काय माहीत! त्याच्यावर ओरडायचं तरी कसल्या हक्कानं? आपलं घरचं माणूस लोकांनी कचऱ्यात टाकलं म्हणून भांडावं, तर ते माणूस लोकांच्या हाती गेलं कसं, हे आधी सांगावं लागतं. दत्तप्रसाद "असू दे, असू दे" म्हणाला आणि फोन ठेवला. काळं कार्ड सकाळीच पाहिलं होतं त्यानं, कौतुकानं पाहिलं होतं. बोटाच्या पेराएवढी तपकिरी फीत, वर प्लॅस्टिक, खाली क्रमांक. आता तो ती घेऊन खिडकीशी गेला आणि उजेडावर धरली. टेपवर काही दिसत नाही, नुसता आपला डोळा दिसतो अंधुक. इंजिनिअर माणूस, हिशेब न मागता डोक्यात येतो: एवढ्या तुकड्यात एखादा शब्द मावेल, फार तर दीड. संपतच्या पत्र्याच्या डब्याचा ठोका असेल किंवा आईचा 'पन' असेल. आणि असे बाकीचे शब्द जगभर लोकांच्या कपाटांत कार्डांना चिकटून बसलेत. क्षणभर त्याला वेडही लागलं. सगळ्यांना पत्र लिहावं, बाबांनो, आपापला तुकडा परत करा. करतील बिचारे. पण ते जोडायचे कुठल्या क्रमानं, हे सांगू शकेल अशी एकच बाई होती आणि ती पलीकडं बसून सगळ्याला हाव म्हणत होती.

खरा चटका यानंतर बसला. इतका वेळ तो आवाजामागं धावत होता. शब्द काय होते इकडं त्याचं ध्यानच नव्हतं. 'तुह्या बाबानं सांगू नको म्हनलं.' काय सांगू नको म्हणाले होते? ही कॅसेट त्यानं ऐकलीच नव्हती. ती आली, त्यानं चिवडा वाटून खाल्ला आणि कॅसेट खिडकीच्या फळीवर ठेवली, रविवारी निवांत ऐकू म्हणून. मग गॅदरिंग आलं, सबमिशन आलं. पंधरा दिवसांनी त्यानं एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडं फोन लावला होता. काचेच्या बाहेर रांग, आत लाल आकडे पळतायत, मागचा माणूस नाण्यानं काचेवर टकटक करतोय. आईला धावत बोलावून आणलेलं, ती धापा टाकत म्हणाली, "आयकली काय रे कॅसेट?" आणि तो म्हणाला, "हो, ऐकली." सगळीच पोरं म्हणतात. पत्र वाचलं का, हो वाचलं. औषध घेतलं का, हो घेतलं. "मंग?" आई म्हणाली. "काय करू मी?" मीटर पळत होता. कशाचं काय करू, हे विचारलं असतं तर ऐकली नाही हे उघडं पडलं असतं. तो म्हणाला, "बाबा म्हणतात तसं कर."  "बरं बाप्पा," आई म्हणाली. त्यानंतर तिनं एकही कॅसेट पाठवली नाही. हेही त्याच्या ध्यानात आज येत होतं, बावीस-तेवीस वर्षांनी. तेव्हा त्याला वाटलं होतं, शेजारी फोन आलाय, आता कॅसेटीचं काय काम.

त्यानं सोनूला फोन लावला. सोनू कारंज्याला असते, दोन पोरं, नवऱ्याचं कृषी केंद्र, आणि त्या नवऱ्याबद्दल माहेरी कुणी फारसं विचारत नाही. दत्तप्रसादनं तिला सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "आई कॅसेट भरायची तेव्हा तू असायचीस ना गं तिथं?"

"असाची म्हंजे? चालू कराचं बटन मीच दाबो," सोनू म्हणाली. "तिले कुठं येत होतं. पन एकडाव मले हाकलून देल्लं होतं बाहीर. म्हने तू पान्याले जाय, मले दादाशी बोलाचं हाय. मी पान्यानं भरेल गुंड डोक्यावर घेऊन वापस आली तरी बाई बोलूनच रायली. काहून रे? आज कसं आठोलं?"

"कशाबद्दल बोलली असेल?"

सोनूच्या घरी कुकरची शिट्टी झाली.  "त्या साली माह्या डी.एड.ले नंबर लागला होता ना दादा," ती म्हणाली. "बाबा म्हने नाई. मंग दिवाळी झाली अन् लगन." आणि मग स्वतःच हसून म्हणाली, "पन ते कायले असन? म्हशीचं असन. म्हैस बी त त्याच साली इकली बाबानं. तुले काय म्हनली होती आई?"

"आठवत नाही गं."

"जाऊ दे. आता काय त्याचं. आई जेवली काय?"

दत्तप्रसाद फोन हातात धरून पलंगावर बसून राहिला. म्हशीचं असेल. खरंच म्हशीचं असेल. किंवा आईच्याच जिवाचं काही असेल, बाया सांगत नाहीत असलं. किंवा सोनूचं असेल, आणि आई त्या एका घरात एकटी हिंमतरावांच्या समोर उभी राहायला तयार असेल, फक्त पुण्याला शिकणारा पोरगा मागं आहे एवढं तिला हवं असेल. आणि पोरगा म्हणाला, बाबा म्हणतात तसं कर. सोनू शाळेत शिकवते आहे, फळ्याशी उभी आहे, पदर खोचलेला, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि जाईना. हे त्याला कुणाला विचारता येणार नव्हतं. वडील गेले. टेप गेली. आणि आईला विचारावं, आई, ते सोनूचं होतं का? हाव. म्हशीचं होतं का? हाव. माझ्यामुळं झालं का गं? हाव. गाळ्यात असता तर तो आता घसा फाटेपर्यंत ओरडला असता. बाराव्या मजल्यावर ओरडलं की सोसायटीची नोटीस येते.

पूर्णिमा दारात उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. तिनं बरंचसं ऐकलेलं दिसत होतं. "त्यांना ऐकवा," ती म्हणाली.

"नको. त्रास होईल."

"कोणाला?" पूर्णिमा म्हणाली. ती सदाशिव पेठेतली आहे, एका शब्दात भागत असेल तर दुसरा खर्च करत नाही. तिनंच ग्रामोफोनची वायर काढली, तो उचलून आईच्या खोलीत नेला आणि औषधांच्या बाटल्या बाजूला सारून स्टुलावर ठेवला.

दत्तप्रसादनं सुई शेवटाच्या जवळ ठेवली. ती जरा मागंच पडली. आमोद किंचाळला, संपतनं डबा बडवला, आणि आईच्या कपाळावर जी आठी पडली ती अगदी पूर्वीची आठी होती. शब्द असते तर म्हणाली असती, काय हे बोंबलनं. मग गाणं संपलं. खरखर आली. "अन् थंडी पडली असन तिकडं," रेकॉर्ड म्हणाली, आणि मांडीवरच्या टॉवेलशी चाळा करणारा आईचा डावा हात थांबला. "तुह्या बाबानं सांगू नको म्हनलं, पन तुले नाई सांगू त कोनाले सांगू मी? आयकून रायला ना बाबू?"

आता हाव म्हणेल, असं त्याला वाटलं. ती म्हणाली नाही. "आयकून रायला ना बाबू?" आई गप्प. दीड वर्षात प्रश्न कानावर पडला आणि हाव आला नाही असं झालं नव्हतं. टीव्हीतल्या चहाच्या जाहिरातवाल्यालाही ती हाव म्हणायची. पूर्णिमानंही चमकून दत्तप्रसादकडं पाहिलं. आईनं सावकाश मान वळवली, आणि ती त्याच्याकडं बघायला लागली. प्रश्न तिचा होता. उत्तर तिनं द्यायचं नव्हतं. "आयकून रायला ना बाबू?"

"हो," दत्तप्रसाद म्हणाला. ते त्याचं त्यालाच परकं वाटलं. मग तो म्हणाला, "हाव. हाव, आई. आयकून रायलो मी."

पूर्णिमानं वाकून सुई उचलली. खोलीत एकदम इतकं शांत झालं की खालच्या मजल्यावरचं पाणी भरताना ऐकू आलं. आणि आईनं तोंड उघडलं. "हाव," ती म्हणाली. पण हा रोजचा हाव नव्हता. याच्यापुढं अजून होतं. "हाव हाव हाव... हाव, हाव हाव." ती सांगत होती. आवाज खाली आणून, दाराकडं एक नजर टाकून, कुणी ऐकत नाही ना हे बघून. मग वर, भराभर, रागानं. डावा हात हवेत हिंमतरावांसारखा आपटून. मग पदर, नसलेला पदर, डोळ्यांकडं नेऊन. मध्ये थांबली, आठवलं, पुन्हा मागून सांगितलं. एकेक वाक्य होतं ते, पुरतं, कुठं श्वास घ्यायचा तिथं घेतलेला, आणि सगळ्यात मिळून शब्द एकच. बोलणं सगळं तेच होतं, मूर्तिजापूरचं, चूल विझवून यायला लावणारं. दत्तप्रसाद तिच्या पायाशी खाली बसला आणि त्यानं तिचा एकही हाव सोडला नाही. पूर्णिमा भिंतीकडं तोंड करून उभी होती.

बऱ्याच वेळानं आईनं सांगायचं ते संपवलं. हात पुन्हा टॉवेलवर ठेवला. मग पुढं झुकून, त्याच्या तोंडाजवळ तोंड आणून, तिनं विचारलं, "हाव?" आणि वाट बघत बसली.

हे त्याला कळलं. मंग, काय करू मी? या खेपेला मागं रांग नव्हती, काचेवर कुणी टकटक करत नव्हतं, लाल आकडे पळत नव्हते. आई अगदी निवांत होती, उत्तर मिळेपर्यंत बसून राहायची तिची तयारी होती. दत्तप्रसादकडं मात्र एकसुद्धा शब्द नव्हता.